डिचोलीचा शेल फार शिजला

मे महिना संपत आला, पाऊस वेशीवर आला, की पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी-मांद्र्यापासून हरमलपर्यंत, वाळूत काळे चिकट गोळे येऊन पडतात. एकदा पायाला लागले की साबणाने निघत नाहीत, खोबरेल चोळावं लागतं. तिकडे डिचोलीच्या खाणपट्ट्यात साचलेल्या पाण्यावर किंवा शेताच्या पाटात कधीकधी निळी-जांभळी चकाकी दिसते. दोन्ही खुणा पाहिलेल्या माणसाच्या मनात यायचं ते येतंच : खाली तेल तर नसेल?

या शंकेला हसू नये. एकोणिसाव्या शतकात तेलाचा शोध अशाच खुणांवरून लागला. पेनसिल्व्हेनियातल्या ज्या ओढ्याच्या पाण्यावर तेल तरंगायचं, त्याच्याच काठी १८५९ साली ड्रेक नावाच्या माणसाने तेलासाठी विहीर खोदली. आसामातल्या डिगबोईलाही जंगलात जमिनीतून तेल झिरपत होतं. खूण दिसली तर ती तपासावी. गोव्यातल्या या दोन खुणा तपासायला फार खर्चही नाही.

पाण्यावरच्या चकाकीसाठी एक काडी पुरे. काडीने तवंग ढवळायचा. तेलाचा असेल तर तो फाटतो आणि लगेच पुन्हा मिळून येतो. लोहाचा असेल तर त्याचे कोनाकोनाचे तुकडे होतात आणि ते तसेच अलग तरंगत राहतात. लोखंडाने भरलेल्या जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यात लोहजीवाणू वाढतात आणि त्यांची पातळ साय पृष्ठभागावर धरते. डिचोलीत दुसरं काय सापडणार? तिथली माती, पाणी, रस्ते, सगळंच लोखंडाचं.

काळ्या गोळ्यांना प्रयोगशाळा लागते आणि ती गोव्यातच आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी किनाऱ्यावरचे गोळे गोळा करून त्यांतले जैवखुणांचे रेणू तपासले. प्रत्येक क्षेत्राच्या तेलात हे रेणू वेगवेगळ्या प्रमाणात असतात, त्यामुळे तेलाचं कूळ ओळखता येतं. काही गोळे मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या तेलाशी जुळले, काही जहाजांच्या टाक्या धुऊन समुद्रात सोडलेल्या गाळाशी. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की तो हा माल किनाऱ्याला आणून लावतो. पेडण्याच्या वाळूतलं तेल पेडण्याचं नाही.

दोन्ही खुणा बाद झाल्या, पण प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. शेल नावाच्या खडकातलं तेल आणि वायू वर येऊन खुणा सोडतीलच असं नाही, आतच अडकून राहणं हा त्यांचा स्वभाव. त्यामुळे ‘वर काही दिसत नाही’ हे उत्तर इथे चालत नाही. खडकालाच विचारावं लागतं.

शेल म्हणजे समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी बसलेला अतिबारीक चिखल, दाबाखाली घट्ट होऊन पापुद्र्यांचा झालेला. या चिखलात मेलेल्या सूक्ष्म जीवांचा अंश राहिला, वरून गाळाचे थर चढत गेले आणि तो खोल गेला, की पृथ्वीच्या उष्णतेवर तो अंश शिजू लागतो. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसमध्ये त्याचं तेल होतं, त्याहून वरच्या तापमानात वायू. भूवैज्ञानिक अशा जागेला स्वयंपाकघर म्हणतात आणि या प्रकरणात मीही शिजण्याचीच भाषा वापरणार आहे, कारण गोव्याचं उत्तर तिच्यात दडलं आहे.

एरवी शिजलेलं तेल शेलमधून निसटतं, वर चढतं आणि एखाद्या सच्छिद्र खडकात साठतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या नौकेने मुंबई हायमध्ये जे शोधलं, ते चुनखडकात साठलेलं तेल होतं. शिजलं होतं मात्र त्याच्या खालच्या, पन्ना नावाच्या शैलसमूहातल्या शेलमध्ये. म्हणजे शेल जगभर सगळ्यांना ठाऊकच होता, फक्त त्यातच राहून गेलेलं तेल काढायची विद्या कुणाकडे नव्हती. त्याची छिद्रं इतकी बारीक की वायू त्यातून वाहतच नाही. टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१ पासून यावर घाम गाळला. पाणी, वाळू आणि थोडी रसायनं प्रचंड दाबाने आत मारून खडक फोडायचा आणि वाळूच्या कणांनी त्या भेगा उघड्या धरायच्या, हे तंत्र त्यांना किफायतशीरपणे जमायला १९९० च्या दशकाची अखेर उजाडली. त्याला आडव्या विहिरींची जोड मिळाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेच्या ऊर्जेचं गणितच बदललं.

त्यानंतर जगभर नकाशे उलगडले गेले. ‘आमच्याकडे काय आहे?’ असं प्रत्येक देश विचारू लागला आणि ‘अजून फारसा शोध न घेतलेले प्रदेश’ हा शब्दप्रयोग गुंतवणूकदारांच्या पत्रकांत वारंवार दिसू लागला. मला हा शब्दप्रयोग निसरडा वाटतो. शोध न झालेला प्रदेश दोन प्रकारचा असतो : जिथे कुणी गेलंच नाही असा, आणि जिथे जाऊन, पाहून, ‘इथे नाही’ म्हणून लोक परतले असा. नकाशावर दोन्ही जागा सारख्याच कोऱ्या दिसतात.

गोव्याची जमीन दुसऱ्या प्रकारातली. इथला खडक कुणी पाहिला नाही असं म्हणायची सोय नाही. पोर्तुगीज काळापासून खाणींचे परवाने वाटले गेले आणि लोहखनिजासाठी दशकानुदशकं बोअर मारले गेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने गावोगावचा नकाशा केला. १९८५ साली गोकुळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या जुन्या खडकांची जी क्रमवारी लावली, ती आजही वापरात आहे. तिच्यात खालून वर चार शैलसमूह येतात : बार्से, सावर्डे, डिचोली आणि वाघेरी. तालुक्याचं नाव खडकाला मिळणं हा भूविज्ञानातला मोठाच मान, आणि डिचोलीला तो मिळालेला आहे.

या डिचोली शैलसमूहात लोहयुक्त पट्टेदार क्वार्टझाइट आहे, थोडा चुनखडक आहे, मँगेनीज आहे आणि गुलाबी-जांभळा, नखाने ओरखडा पडेल असा पापुद्र्यांचा फिलाइट आहे. हा फिलाइट एके काळी शेल होता! अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या समुद्रतळावरचा चिखल. पेडणे-डिचोलीत शेल आहे का, या प्रश्नाचं खरं उत्तर ‘होता’ असं आहे.

पुढे त्याचं काय झालं? खंडांच्या रेटारेटीत तो खोल ओढला गेला, दुमडला, चेपला. खनिजांच्या जोडीवरून त्याला किती ताप लागला ते कळतं : क्लोराइट आणि सेरिसाइट सांगतात की खडक सुमारे ३०० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही वर तापला होता. तेलाचं तापमान केव्हाच मागे पडलं, वायूचंही पडलं. त्या चिखलात जे काही सेंद्रिय होतं, त्याचा वायू उडून गेला आणि उरलेल्या कार्बनचं रूप ग्रॅफाइटच्या वाटेला लागलं. ग्रॅफाइटमधून तेल काढायची युक्ती कुणाकडेच नाही. भाकरी कच्ची असेल तर पुन्हा तव्यावर टाकता येते, करपून कोळसा झालेल्या भाकरीचं पीठ होत नाही.

इथे वाचक म्हणेल, एवढ्या जुन्या खडकात तेल शोधायचंच कशाला? वय हेच कारण पुरे नाही का? पुरे नाही, आणि हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या बीटालू खोऱ्यात वेल्केरी नावाचा सुमारे १४० कोटी वर्षं जुना शेल आहे, आणि आज तिथे शेल गॅससाठी विहिरी खोदल्या जात आहेत. आपल्याकडे राजस्थानात बाघेवाला इथलं जड तेल डायनोसॉरच्याच नव्हे, तर माशांच्याही आधीच्या काळातल्या खडकांचं आहे. मध्य प्रदेशात दमोहकडे ओएनजीसीला विंध्य खडकांत वायू आढळला, आणि तेही फार प्राचीन. हे सगळे खडक म्हातारे झाले, पण भट्टीत गेले नाहीत. डिचोलीचा खडक भट्टीत गेला. दोघांतला फरक वर्षांचा नाही, तापाचा आहे.

मग या खडकांच्याही खाली गेलो तर? खाली मिळतो तो ग्रॅनाइट आणि नाइस, अनमोड घाटात उघडा पडलेला, ३०० कोटी वर्षांहून जुना. तो भूकवचाचा पाया. त्याच्या खाली न शिजलेला चिखल लपलेला असण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. वरच्या बाजूला पाहावं तर ईशान्य कोपऱ्यात सह्याद्रीचा काळा दगड आणि किनाऱ्याकडे जांभ्याचे सडे. पेडण्यात, ज्या मोपाच्या सड्यावर आता विमानतळ झालाय, तिथे आपण उभे असतो ते जांभ्यावर. जांभा म्हणजे पावसाने लाखो वर्षं धुऊन सिलिका नेलेला आणि लोह-अॅल्युमिनियम मागे ठेवलेला खडक. त्याच्याखाली पूर्ण कुजलेल्या खडकाची ओली माती असते. कोकण रेल्वेच्या अभियंत्यांना ती माती चांगलीच आठवत असेल. पेडण्याचा बोगदा खणताना ती वारंवार वाहून आत आली आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू होण्याआधीचा शेवटचा मोठा अडसर तोच होता. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याची भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये आत पाणी आणि चिखल शिरला, दोन्ही वेळा गाड्या थांबल्या. इतक्या कुजलेल्या पृष्ठभागावरून खालच्या खडकाचा अंदाज बांधू नये, बोअर मारून अखंड नमुना काढावा, हेही त्या बोगद्याने शिकवलं.

डिचोलीकरांनी हा जुना शेल रोज पाहिलेला आहे, फक्त त्या नावाने नाही. एक टन लोहखनिज काढायला दोन-तीन टन माती-दगड बाजूला सारावा लागतो आणि त्या गुलाबी-जांभळ्या डंपांत मोठा वाटा असतो तो या कुजलेल्या फिलाइटचा. पावसाळ्यात मये, शिरगाव, मुळगावच्या शेतांत जो गाळ उतरतो, त्यात तोच असतो. तेलाच्या हिशेबात हा खडक वाया गेला, पण ज्या समुद्रात तो चिखल बसत होता, त्याच समुद्रात विरघळलेलं लोह साठत होतं. सूक्ष्म जीवांनी सोडलेला ऑक्सिजन लागून ते लोह तळाशी बसत गेलं, सिलिकाच्या थरांशी आलटून पालटून. पुढे पावसाने सिलिका धुऊन नेली आणि मऊ, भुसभुशीत, बोटाला निळा-काळा रंग सोडणारं खनिज उरलं. खाणीतले लोक त्याला ‘ब्लू डस्ट’ म्हणतात. मांडवीतल्या बार्जींतून ते मुरगावला गेलं आणि तिथून जपान-चीनला.

त्या धंद्याची पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्टे रद्द केले, मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या आणि २०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले तेव्हा पहिला ब्लॉक डिचोलीचाच होता. ही कथा मी इथे आणतो ती एका कारणासाठी. शेल गॅसचा धंदा खाणीपेक्षा कमी जागा खातो असा समज असतो. एका विहिरीपुरतं ते खरं आहे, पण शेलमधली विहीर लवकर आटते, दोन-तीन वर्षांतच तिचं उत्पादन फार खाली येतं. म्हणून सतत नव्या विहिरी खोदाव्या लागतात, शेकड्यांनी, आणि प्रत्येकीला साधारण एक-दोन कोटी लिटर पाणी. तिळारीच्या कालव्यावर पेडणे, डिचोली, बार्देश असे तीन तालुके डोळे लावून बसलेले असतात. गोव्यात शेल गॅस असता, तर त्याची बातमी आनंदाची ठरली असती की नाही, याबद्दल मला शंका आहे.

भारताच्या बाकी भागाचं काय, हेही पाहू. २०११ च्या जानेवारीत ओएनजीसीने पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरला खोदलेल्या विहिरीत शेलमधून वायू आला, देशात पहिल्यांदाच. मग आकड्यांचा पाऊस पडला. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०१३ मध्ये भारतात काढता येण्याजोगा शेल गॅस ९६ लाख कोटी घनफूट असल्याचं म्हटलं. त्याच देशाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याआधी वर्षभर तीन खोऱ्यांसाठी दिलेला आकडा सहा लाख कोटींच्या आसपास होता. खोरी आणि गणिताच्या पद्धती वेगळ्या होत्या हे खरं, पण एवढी तफावत पाहिल्यावर पहिल्या आकड्यावर बजेट आखू नये हे कळायला भूवैज्ञानिक असावं लागत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारने ओएनजीसी आणि ऑइल इंडियाला आपापल्या क्षेत्रांत शेल शोधायची मुभा दिली. गुजरातच्या खंबात खोऱ्यापासून कावेरीपर्यंत विहिरी झाल्या, पण व्यापारी उत्पादन हाती लागलं नाही. कुठे शेलमध्ये चिकणमाती जास्त, म्हणून तो फुटण्याऐवजी दबतो. कुठे तो फार खोल, कुठे पुरता शिजलेला नाही.

पोलंडचा अनुभव तर याहून बोलका आहे. २०११ मध्ये त्या देशाच्या नावावर १८७ लाख कोटी घनफूट लिहिले गेले आणि युरोपात जल्लोष झाला. पुढच्याच वर्षी पोलंडच्या भूविज्ञान संस्थेने जुन्या विहिरींची कागदपत्रं तपासून अंदाज सुमारे दहाव्या हिश्श्यावर आणला. २०१२ मध्ये एक्झॉनमोबिल निघून गेली, नंतर इतर कंपन्याही गेल्या. तिथे शेल होता, शिजलेलाही होता, तरी परवडला नाही.

कोकणात शेल गॅस आला, तो मात्र समुद्रमार्गाने. ३० मार्च २०१८ रोजी अमेरिकेहून द्रवरूप वायू घेऊन एक जहाज दाभोळच्या टर्मिनलला लागलं. गेल या सरकारी वायू कंपनीने अमेरिकी कंपनीशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारातली ती पहिली खेप. अमेरिकेची अशी निर्यात उभी राहिली ती शेलच्याच जोरावर. वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचं आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटतं, म्हणून तो जहाजात मावतो. दाभोळला तो पुन्हा वायू होऊन बंगळुरूकडच्या नळात जातो आणि त्या नळाचा एक फाटा घाट उतरून गोव्यात येतो.

भारताच्या नकाशावर गाळाच्या खडकांची २६ खोरी आखलेली आहेत, जमीन आणि समुद्र धरून सुमारे ३३.६ लाख चौरस किलोमीटर. गोव्याची जमीन त्यांपैकी एकातही नाही. या खोऱ्यांतला बराचसा भाग खरोखरच न पाहिलेला होता, म्हणून २०१६ मध्ये राष्ट्रीय भूकंपीय कार्यक्रम मंजूर झाला : जमिनीवर ४८,२४३ किलोमीटर लांबीच्या रेषांवर लहरी सोडून खाली काय आहे ते ऐकायचं. पहिल्या प्रकारच्या कोऱ्या जागांवर करायचं काम ते हेच, आणि ते आकर्षक पत्रकांपेक्षा कितीतरी कंटाळवाणं असतं.

महाराष्ट्रात अशी सगळ्यात मोठी कोरी जागा बेसाल्टखाली आहे. सह्याद्रीचा काळा दगड वरून सगळं झाकतो. त्याच्याखाली, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा यायच्या आधी, एखादा समुद्र किंवा नदीखोरं होतं का? याचं उत्तर काही ठिकाणी तेलाच्या नव्हे तर भूकंपाच्या शोधात मिळालं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतला, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्टखाली जेमतेम ८ मीटर गाळ लागला आणि मग पायाचा खडक. कोयनेत पहिल्या बोअरमध्ये सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट-नाइस सुरू झाला, मध्ये गाळाचा पत्ताच नाही. तेलवाल्यांसाठी ही दोन उत्तरं फुकटात मिळाली आणि दोन्ही नकारार्थी होती. उत्तरेला, तापीच्या बाजूला मात्र भूकंपीय आणि विद्युत सर्वेक्षणांत बेसाल्टखाली गाळाचे जाड थर असल्याचे संकेत आहेत. तिथला प्रश्न उघडा आहे.

गोव्यापुरता उघडा प्रश्न पाण्यात आहे. वेंगुर्ल्यासमोर समुद्रतळाखाली एक उंचवटा गेला आहे, भूवैज्ञानिक त्याला वेंगुर्ला कमान म्हणतात. तिच्या उत्तरेला मुंबईचं तेलखोरं. दक्षिणेला, पेडण्याच्या किनाऱ्यापासून खाली केरळापर्यंत, कोकण-केरळ खोरं, आणि त्याचा दर्जा सरकारी वर्गवारीत तिसरा, म्हणजे शोध सर्वांत कमी. तिथेही विहिरी खोदल्या गेल्या, पण व्यापारी तेल किंवा वायू हाती लागलेला नाही. अडचण पुन्हा बेसाल्टचीच. लाव्हा समुद्राखालीही पसरलेला आहे आणि भूकंपीय लहरी त्यावर आपटून विखुरतात, त्यामुळे खालचं चित्र धूसर राहतं. मादागास्कर आणि नंतर सेशेल्स भारतापासून फुटून निघाले त्या काळातला गाळ त्याच्याखाली असेल आणि तो नीट शिजला असेल, अशी आशा आहे. पण ती आशा सच्छिद्र खडकात साठलेल्या तेलाची आहे. शेलला शेकड्यांनी विहिरी लागतात आणि खोल समुद्रात एकेक विहीर शेकडो कोटींची. त्या पाण्याखाली उत्तम शिजलेला शेल सापडला, तरी आजच्या भावात त्याला कुणी हात लावणार नाही.